देवीचा वकील कुणी बदलायचा?

मराठी कोर्टकचेरीत ‘वकील’ आणि ‘अशील’ हे शब्द जोडीने वावरतात. दोन्ही मूळ अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले आणि इथलेच झाले. वकील म्हणजे ज्याच्यावर काम सोपवले तो. अशील म्हणजे मूळचा, ज्याचे ते काम आहे तो; आपला ‘अस्सल’ हा शब्दही त्याच कुळातला. इस्लामी परंपरेत अल-वकील हे ईश्वराच्या नावांपैकी एक आहे, ज्याच्यावर सारे सोपवून निर्धास्त व्हावे असा. ईश्वर आणि कोर्टातला काळा डगला यांच्यासाठी एकच शब्द असावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते, कारण त्या साम्यामुळे दोघांमधला फरक नेमका दिसतो. ईश्वरावर सोपवलेले परत मागावे लागत नाही. माणसावर सोपवलेले मात्र परत घेता आलेच पाहिजे. ते घेता येईनासे झाले की सोपवणे संपते आणि देऊन टाकणे सुरू होते. मराठ्यांच्या इतिहासातच याचा दाखला आहे. 1784 साली महादजी शिंद्यांनी शाह आलम बादशहाकडून पेशव्यांसाठी ‘वकील-ए-मुतलक’ हे पद मिळवले आणि पेशव्यांचे नायब म्हणून दिल्लीचा कारभार स्वतः हाती घेतला. कागदोपत्री बादशहा अशील होता आणि त्याचे सर्वाधिकारी वकील पुण्याला होते. पण हा वकील काढून टाकण्याचे बळ बादशहाजवळ उरले नव्हते, म्हणून तो नावापुरताच अशील राहिला. महादजींचा मुत्सद्दीपणा हा वेगळा विषय आहे. माझ्या प्रश्नापुरते एवढेच, की वकील बदलण्याची ताकद गेली की अशीलपणही जाते.

आता हाच प्रश्न धाराशिव जिल्ह्यात आणून ठेवतो, कारण तिथे तो सर्वांत अवघड रूपात उभा आहे. बालाघाटच्या डोंगररांगेत तुळजापूरला जी बसली आहे, ती महाराष्ट्रातल्या असंख्य घरांची कुलस्वामिनी, भोसले घराण्याचीही. तिच्या नावाने जमिनी आहेत, दागिने आहेत, दानपेट्या आहेत. कायद्याच्या दृष्टीने ती मालक आहे, दावा लावू शकते, तिच्यावरही दावा लागू शकतो. म्हणजे ती अशील आहे. पण तिच्या आठ हातांपैकी एकही हात वकालतनाम्यावर सही करत नाही. तिच्यासाठी वकील नेमतो तो दुसराच कुणी. कोर्टात युक्तिवाद करणारा वकील एक, त्या वकिलाला सूचना देणारा आणि त्याच्यावर देखरेख ठेवणारा व्यवस्थापक, पुजारी किंवा विश्वस्त दुसरा, आणि खरा प्रश्न या दुसऱ्याचा आहे. कोर्टातला वकील कामचुकार निघाला तर विश्वस्त त्याला बदलतील. विश्वस्तच चुकीच्या वाटेला लागले तर? अशील बोलत नाही. मग तिच्या वतीने ‘तू आता थांब’ असे कुणी म्हणायचे?

आधी सरळ बाजू पाहू, जिथे अशील बोलू शकतो. नारदस्मृतीत असा नियम आहे की बाप, भाऊ, मुलगा किंवा रीतसर नेमलेला माणूस यांच्याखेरीज जो दुसऱ्यासाठी न्यायसभेत बोलतो तो दंडास पात्र. आणि कुणी दुसऱ्यासाठी भांडत असेल तर जय किंवा पराजय भांडणाऱ्याचा नव्हे, ज्याच्यासाठी भांडले त्याचा. या दोन नियमांचा एकमेकांशी असलेला संबंध सहज निसटतो. हार माझ्या पदरी पडणार असेल, तर माझ्यासाठी कोण बोलेल हे ठरवणेही माझ्याच हाती असले पाहिजे. परिणाम ज्याच्या माथी, नेमणूक त्याची. आणि नेमणूक त्याची असेल तर ती मोडणेही त्याचेच. आजचा कायदा याच न्यायाने चालतो. 1872 च्या करार कायद्यातल्या कलम 201 प्रमाणे मूळ मालकाला दिलेला अधिकार काढून घेता येतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या तिसऱ्या आदेशातला चौथा नियम सांगतो की वकिलाची नेमणूक दावा संपेपर्यंत चालू राहते, मात्र अशिलाला किंवा वकिलाला लेखी अर्ज करून, न्यायालयाच्या परवानगीने ती संपवता येते. नव्या वकिलाने जुन्याची संमती घ्यावी असा वकिलीच्या आचारसंहितेचा दंडक आहे, पण जुना अडून बसला तर कारण सांगून न्यायालयाकडे जाता येते. 2000 साली आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला की फी थकली म्हणून वकील खटल्याची कागदपत्रे अडकवून ठेवू शकतो का. न्यायालयाने नाही म्हटले. फीसाठी वेगळी वाट आहे. कागद अशिलाचे आहेत, आणि ते अडवणे म्हणजे त्याचा वकील बदलण्याचा हक्क मागच्या दाराने काढून घेणे.

या निकालाचा तात्त्विक गाभा मला विलक्षण महत्त्वाचा वाटतो. वकिलाने घाम गाळलेला असतो, प्रकरण त्याला तोंडपाठ असते, अशिलापेक्षा त्याला ते अधिक कळते. तरीही त्या ज्ञानातून मालकी जन्मत नाही. सेवा कितीही जुनी झाली तरी ती सेवाच राहते. देवस्थानांच्या बाबतीत आपण नेमके हेच विसरतो, आणि ते विसरणे एका खऱ्याखुऱ्या भावनेतून येते, म्हणून त्याचा विचार सावकाश केला पाहिजे.

तुळजापूरची सेवा अनेक हातांत वाटलेली आहे. भोपे पुजारी आहेत, तुकोजीबुवा, वाकोजीबुवा, हमरोजीबुवा आणि चिलोजीबुवा या मठांचे महंत आहेत, गोंधळी आहेत, आराधी आहेत, पालखी-पलंगाचे परंपरागत मानकरी आहेत. वर्षातून तीनदा देवी निद्रा घेते: नवरात्राआधी घोरनिद्रा, दसऱ्यानंतर श्रमनिद्रा आणि शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. मूर्ती चल असल्याने सिंहासनावरून उतरवून तिला पलंगावर निजवतात. दसऱ्याला ती पालखीत बसून सीमोल्लंघन करते. एवढ्या जवळून देवीला हात लावणारी, उचलणारी, निजवणारी, उठवणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या असतील, तर त्यांना ती ‘आमची’ वाटणे स्वाभाविक आहे. तसे न वाटते तर सेवाच कोरडी झाली असती. पण ‘आमची आई’ आणि ‘आमची मालमत्ता’ या दोन वाक्यांत ‘आमची’ हा शब्द वेगवेगळे काम करतो. पहिल्यात मी तिचा होतो. दुसऱ्यात ती माझी होते.

या संस्थानावर देखरेख कुणाची, याचे उत्तरही काळानुसार बदलत आले. जिल्हा निजामाच्या राज्यात असताना, 1909 साली, ‘देऊळ कवायत’ या नावाने ओळखली जाणारी नियमावली आली. 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. आज मंदिर संस्थानच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. जिल्ह्याचे नाव बदलले, राज्य बदलले, राजवट बदलली. दाव्यातली अशील तीच राहिली. 1991 ते 2009 या काळातल्या दानपेट्यांच्या लिलावाचे प्रकरण पोलीस चौकशीपर्यंत आणि पुढे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले. त्यात कोण दोषी हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. पण देवीच्या पेटीविषयी प्रश्न विचारण्याचा हक्क कुणाला, हा प्रश्न त्या निमित्ताने सगळ्यांसमोर आला, आणि माझा विषय तो आहे.

इथे एक तात्त्विक आक्षेप आधीच निपटला पाहिजे, कारण तो खरा ठरला तर पुढचे सारे व्यर्थ जाईल. जगाची चालक असलेल्या देवतेला वकील कशाला? आणि तिला मालकी तरी कसली? हा आक्षेप नास्तिकांचा नाही, तो वेदाला प्रमाण मानणाऱ्या मीमांसकांचा आहे. जैमिनीच्या सूत्रांवर भाष्य करताना शबरस्वामींनी स्पष्ट म्हटले आहे की देवतेला शरीर नाही, ती खात नाही, वस्तूची मालकी ती गाजवत नाही. ‘देवाचे गाव’, ‘देवाचे शेत’ हे शब्द केवळ उपचाराने वापरले जातात, कारण मालक तो, जो वस्तूचा आपल्या इच्छेप्रमाणे विनियोग करतो, आणि देवता तसे काही करत नाही. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे भारतरत्न पां. वा. काणे स्वतः मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत, आणि अशा चर्चांचा कायद्याशी किती निकटचा संबंध आहे हे त्यांच्या ग्रंथातून जागोजागी कळते. शबरस्वामींचे म्हणणे मला पटते. पण त्यातून निघणारा निष्कर्ष आक्षेप घेणाऱ्यांना वाटतो त्याच्या अगदी उलट आहे. देवतेची मालकी औपचारिक असेल, तर शेत प्रत्यक्ष नांगरणारा, पेटी प्रत्यक्ष उघडणारा, सही प्रत्यक्ष करणारा माणूसच तेवढा खरा उरतो. त्याच्यावर वरून लक्ष ठेवणारा जिवंत अशील नाही. सामान्य वकिलाला अशिलाचा धाक असतो. देवीच्या वकिलाला तोही नाही. म्हणून त्याला बदलण्याची वाट इतर कुणापेक्षाही अधिक मोकळी असली पाहिजे. सर्वशक्तिमान देवीला रक्षणाची गरज नाही हे खरेच. गरज आहे ती तिच्या नावाने जे एकत्र झाले त्याला, आणि ज्यांनी ते विश्वासाने वाहिले त्यांच्या विश्वासाला.

कायद्याने यावर जो तोडगा काढला तो ऐकायला विचित्र आहे: मूर्ती ही कायम अज्ञान आहे असे समजायचे. मराठी माणसाला हे सातबाऱ्यावरून चटकन समजेल. बाप वारला आणि मूल लहान असेल तर उताऱ्यावर मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ असे लागते, म्हणजे अज्ञान पालनकर्ता आई. तुळजापूरच्या बाबतीत हे नाते उलटे झाले आहे. जिला सगळा मुलूख आई म्हणतो, तीच अज्ञान ठरते आणि लेकरे तिची पालनकर्ती. भाविकाच्या मनाला हे लागते, आणि लागावे असेच ते आहे. पण कायदा तिला बालक म्हणत नाही. तो इतकेच म्हणतो की या जगाच्या व्यवहारात तिची सही दुसऱ्याच्या हाताने होते, आणि ज्याची सही दुसऱ्याच्या हाताने होते त्याच्या रक्षणाचे जे नियम लेकरासाठी आहेत ते तिलाही लागू करावेत. ते नियम कडक आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या बत्तिसाव्या आदेशाप्रमाणे अज्ञानाच्या वतीने दावा चालवणारा वादमित्र न्यायालयाच्या परवानगीवाचून तडजोड करू शकत नाही. त्याचे हित अज्ञानाच्या हिताविरुद्ध असेल, प्रतिवादीशी त्याचे लागेबांधे असतील किंवा तो आपले काम करत नसेल, तर त्याला हटवता येते. अज्ञान सज्ञान झाला की दावा पुढे चालवायचा की सोडायचा हे तो स्वतः ठरवतो. देवीच्या बाबतीत हा शेवटचा नियम कधीच लागू होणार नाही. वादमित्राला हिशेब विचारायला अठराव्या वर्षी कुणी उभे राहणार नाही. नेमकी ही जागा कुणीतरी भरून काढावी लागते.

ती कशी भरावी याचा मार्ग 1925 साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने कलकत्त्याच्या एका घरगुती ठाकुराच्या प्रकरणात दाखवला. मल्लिक घराण्यात देवाची सेवा पाळीपाळीने चाले. एकाचे म्हणणे असे, की आपल्या पाळीत आपण देव आपल्या घरी न्यावा. घरातले पुरुष आपापसांत भांडत होते. लंडनच्या न्यायाधीशांनी म्हटले की मूर्ती ही नुसती हलवाहलवीची वस्तू नव्हे. तिच्या जागेविषयी तिचीही इच्छा आहे असे मानून तिचा आदर केला पाहिजे, आणि ती इच्छा मांडायला भांडणात ज्याचा स्वार्थ नाही असा वादमित्र न्यायालयाने नेमावा. शिवाय घरातल्या बायकांनाही दाव्यात सामील करून घ्यावे असे त्यांनी सांगितले. या निकालाचा हाच भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. पाळीचा हक्क नसलेल्या, पण त्या देवापुढे रोज हात जोडणाऱ्या बायकांचे म्हणणे ऐकावे, असे परक्या देशातल्या न्यायपीठाला 1925 मध्ये वाटले. देवाची जागा बदलली तर परिणाम त्यांच्याही पदरी पडणार होता, म्हणून त्यांनाही बोलता आले पाहिजे. नारदाचा नियम इथे नव्या रूपात पुन्हा भेटतो. पुढे 1967 मध्ये विश्वनाथ विरुद्ध श्री ठाकुर राधावल्लभजी या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हीच वाट रुंद केली: सेवेकरी व्यवस्थापकच देवाच्या हिताविरुद्ध वागला, तर त्या देवाची भक्ती करणारा कुणीही देवाच्या वतीने उभा राहू शकतो.

म्हणजे अशील मुका असेल तेव्हा परिणाम कुणाच्या माथी पडतो ते पाहायचे. देवी हरत नाही, जिंकतही नाही. देवीची जमीन गेली तर हरतो तो सोलापूरहून अनवाणी चालत येणारा भाविक, आणि अजून जन्माला यायचा आहे असाही भाविक. देवीला बदलता येत नसलेला वकील बदलायला लावण्याचा हक्क त्यांच्याकडून येतो. हा हक्क त्यांना कुणी उपकार म्हणून दिलेला नाही.

वंशपरंपरेने सेवा करणारे यावर म्हणतील की आमचा हक्क नोकराचा नाही. न्यायालयांनीच सेवेकऱ्याच्या पदाला कर्तव्याबरोबर मालमत्तेचाही अंश आहे असे मानले आहे, आणि करार कायद्यातही कलम 202 आहेच: ज्या प्रतिनिधीचे त्या वस्तूत स्वतःचे हितसंबंध आहेत त्याला त्याच्या हिताला बाध येईल अशा रीतीने दूर करता येत नाही. हा युक्तिवाद वजनदार आहे, आणि तो धुडकावून लावणारे लोक परंपरेने काय जपले आहे हे पाहत नाहीत. शेकडो वर्षे कुठलाही पगार, कुठलेही कार्यालय नसताना देवीचे रोजचे अभिषेक चुकले नाहीत, ते या घराण्यांमुळे. पण तुळजापूरच्या परंपरेचे स्वतःचे व्याकरण पाहा. पूजा पाळीने होते. पाळी म्हणजे आज मी, उद्या दुसरा. हक्क कुळाचा असला तरी काम आजच्या माणसाचे, ठरल्या मुदतीचे, आणि मुदत संपली की दुसऱ्याच्या हाती द्यायचे. कायम एकाच्या हाती ठेवू नये हे शहाणपण कायद्याने बाहेरून आणलेले नाही, ते देवळाच्या आतच होते. उत्पन्नातला वाटा पाळीकराचा असेल; मूळ धन त्याचे नाही. मध्य प्रदेशातल्या पुजाऱ्यांच्या प्रकरणात 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की महसूल दप्तरात मालकाच्या रकान्यात देवाचेच नाव हवे, पुजाऱ्याचे नको. आपल्याकडे उताऱ्यांवर देवाच्या नावाखाली ‘वहिवाटदार’ म्हणून माणसांची नावे लागतात, आणि दोन पिढ्या उलटल्या की वरचे नाव फिके होत जाते, खालचे ठळक. हे रकाने वेगळे ठेवणे म्हणजे वंशाचा अपमान नव्हे.

याहून अवघड आक्षेप दुसरा आहे. कुणाही भाविकाला उभे राहता आले तर उद्या हजार भाविक हजार वकालतनामे घेऊन येतील. कुणाचा पुजाऱ्याशी जमिनीचा वाद असेल, कुणाला निवडणूक लढवायची असेल, आणि सगळे म्हणतील की देवीच्या वतीने आलो. मुक्या अशिलाचा हाच धोका आहे. त्याच्या तोंडी काहीही घालता येते. ही भीती खोटी नाही. अयोध्येच्या वादात 1989 साली रामलल्लांच्या वतीने निवृत्त न्यायमूर्ती देवकीनंदन अगरवाल वादमित्र म्हणून दाखल झाले. त्यांच्या निधनानंतर दुसरा वादमित्र आला आणि पुढे तिसरा. सेवेकरी असल्याचा दावा करणाऱ्या निर्मोही आखाड्याचे म्हणणे होते की आम्ही असताना हा तिऱ्हाईत कोण? त्या वादाविषयी कुणाचे मत काहीही असो, 2019 च्या निकालात या प्रश्नापुरती मांडलेली भूमिका मला संतुलित वाटते. दावा लावण्याचा पहिला हक्क सेवेकऱ्याचा. तो देवाच्या हिताविरुद्ध वागला तरच भाविकाला वाट मोकळी. आणि त्या भाविकाच्या हेतूवर कुणी शंका घेतली तर न्यायालयाने ती तपासलीच पाहिजे. म्हणजे दार आहे आणि दारावर पहारा आहे. पहारा नको म्हणून दारच बुजवावे, किंवा दार हवे म्हणून पहारा काढावा, या दोन्ही टोकांना मी जाणार नाही. पण दोहोंत चूक करायचीच झाली तर मी दार उघडे ठेवण्याची चूक पत्करेन. खोट्या भाविकाचा अर्ज फेटाळता येतो. ज्याला कुणीच प्रश्न विचारू शकत नाही असा विश्वस्त काय करतो, हे पुष्कळदा कागद जळाल्यावर कळते.

राहिला सरकारचा प्रश्न. जिल्हाधिकारी अध्यक्ष असला की दर दोन-तीन वर्षांनी बदलीबरोबर अध्यक्षही बदलतो, मग आणखी काय हवे, असे कुणी म्हणेल. पण बदली होणे वेगळे आणि कारणासाठी बदलणे वेगळे. बदलीत देवीच्या हिताचा विचार असतोच असे नाही. हा भेद स्पष्ट करणारा खटला देवळाचा नाही, सरकारी वकिलांचा आहे. उत्तर प्रदेश सरकारने 1990 मध्ये राज्यातल्या सगळ्या जिल्हा सरकारी वकिलांना एका आदेशाने घरी पाठवले. सरकारचे म्हणणे सरळ होते: आम्ही अशील, वकील आमचे, हवा तेव्हा बदलू. त्याच वर्षी श्रीलेखा विद्यार्थी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. सरकार हा खासगी अशील नाही. तो जनतेच्या वतीने अशील आहे, म्हणून मर्जीने वकील बदलणे त्याला शोभत नाही, कारण द्यावे लागते. मला इथे माझ्याच मुद्द्याला मुरड घालावी लागते, आणि मी ती आनंदाने घालतो. माझा स्वतःचा वकील मी कारण न देता बदलीन. नुकसान झाले तर माझे. दुसऱ्याच्या वतीने जो वकील बदलतो त्याने मात्र कारण दिले पाहिजे, कारण काढण्याचा अधिकारही त्याच्याकडे सोपवलेलाच आहे. देवीचा विश्वस्त सरकारने बदलला तर सरकारने कारण सांगावे. भाविकाने बदलायला सांगितले तर भाविकानेही सांगावे. 2021 च्या त्याच निकालात न्यायालयाने असेही बजावले की देऊळ सरकारकडे निहित नसेल तर व्यवस्थापक म्हणून जिल्हाधिकाऱ्याचे नावही सरसकट लावता येणार नाही. पुजाऱ्याला जो नियम, तोच अधिकाऱ्याला.

शेवटचा आक्षेप भक्तीच्या अंगाने येतो आणि तो मला सर्वांत जवळचा आहे. आपल्या परंपरेत एकनिष्ठेला मोल आहे. गुरू बदलू नये, दैवत बदलू नये. मग माणूस सोयीने बदलण्याची ही वृत्ती देवळात कशाला आणायची? उत्तर तुळजापूरपासून फार लांब जायला लावत नाही. याच जिल्ह्यात तेर आहे, गोरोबाकाकांचे गाव. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईंनी गोरोबांना विचारले की यांतली मडकी कोणती पक्की, कोणती कच्ची. गोरोबांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर थापटून पाहिले, आणि नामदेव कच्चे ठरले. नामदेव म्हणजे विठ्ठलाशी रोज बोलणारे, देवाच्या सर्वांत जवळचे. देवाशी जवळीक ही पक्केपणाची खूण नव्हे, असे त्या थापटण्याने सांगितले, आणि ते सांगणारा कुंभार होता, ज्याला भाजलेल्या मातीचा आवाज ओळखता येत होता. नामदेव रागावले, पण पुढे औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले. या कथेत विठ्ठलावरची निष्ठा जराही कमी झाली नाही. तपासले गेले ते माणसाला. निष्ठा देवतेशी असते. देवतेच्या वतीने बोलणाऱ्याशी असते ते नाते तपासणीचे, आणि त्या तपासणीला भिणारा सेवेकरी स्वतःच्या निष्ठेवरच शंका घेतो. गुरू मला बदलतो, माझ्या नावाने सही करत नाही. वकील माझ्या नावाने सही करतो. दोघांना एकच नियम लावणे चूक आहे, आणि ही चूक सोयीची असल्यामुळे ती फार काळ टिकते.

बदलण्याची रीत मात्र बदलण्याच्या हक्काइतकीच पवित्र मानली पाहिजे, आणि याविषयी कायदा अनपेक्षितपणे हळवा आहे. बत्तिसाव्या आदेशातला आठवा नियम म्हणतो की वादमित्राला निवृत्त व्हायचे असेल तर आधी आपल्या जागी योग्य माणूस आणून उभा करावा आणि तोपर्यंतच्या खर्चाची हमी द्यावी. दहावा नियम म्हणतो की वादमित्र गेला, हटवला किंवा मेला, तर नवा येईपर्यंत दावा जिथल्या तिथे थांबवावा. मुक्या अशिलाची बाजू एक क्षणही बेवारस पडू नये, अशी ही काळजी आहे. मूळ प्रतिनिधी वाईट होता म्हणून त्याला घाईने दूर करावे आणि मधल्या काळात मुदती टळाव्यात, जप्तीचे हुकूम निघावेत, पुरावा हरवावा, यात देवीचे हित नाही. जाणाऱ्याने दागिन्यांची नोंदवही, जमिनीचे उतारे, दाव्याच्या तारखा, दानपेट्यांच्या किल्ल्या आणि हिशेब येणाऱ्याच्या हाती पंचांसमक्ष द्यावेत, येणाऱ्याने मोजून घ्यावेत, काय कमी आहे ते त्याच दिवशी लिहावे. श्रमनिद्रा संपून देवी पलंगावरून सिंहासनावर येते तेव्हा तिला उचलणारे हात कुणाचे असतात, हे ती विचारत नाही. ते विचारण्याचे काम तिने आपल्यावर सोपवले आहे.